सच्छिद्रतेचा आकडा कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाहेरच्या भिंतीला लावायच्या एका वालुकाश्माचे तीन अहवाल हाती आले आहेत. एकात सच्छिद्रता, म्हणजे दगडाच्या आकारमानातला पोकळीचा वाटा, ७%, दुसऱ्यात १७% आणि तिसऱ्यात २१% असं लिहिलंय. यातला खरा कोणता? त्याला जोडून आणखी दोन प्रश्न आहेत. चिकणमातीत वाळूपेक्षा जास्त पोकळी असते असं पुस्तकात दिलंय, मग पाणी वाळूतूनच का जातं? आणि काही बनवताना सच्छिद्रता शक्य तितकी कमी ठेवावी, हा नियम बरोबर आहे का?

तिन्ही अहवाल बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आणि तिन्हींवर एकच नाव लागलं. हा घोळ इतका नेहमीचा आहे की सच्छिद्रतेचा आकडा समोर आला की मी आधी मोजण्याची पद्धत विचारतो, मग आकड्याकडे बघतो.

तुमच्या आकड्यांशी जुळेल असा एक तुकडा धरून हिशोब करू. भट्टीत वाळवल्यावर त्याचं वजन ५०० ग्रॅम भरलं. २४ तास साध्या पाण्यात बुडवून ठेवला, काढून ओल्या फडक्याने वरवर टिपला, वजन झालं ५३५. म्हणजे ३५ ग्रॅम पाणी आत गेलं, कोरड्या वजनाच्या ७%. हे झालं पाणीशोषण. इथे वजनाला वजनाने भागलंय. सच्छिद्रता मात्र आकारमानाची असते, म्हणून पहिल्या अहवालातला ७% हा सच्छिद्रतेचा आकडाच नाही.

आता तोच तुकडा बंद भांड्यात ठेवून पंपाने हवा काढून घेतली आणि मग पाणी सोडलं. छिद्रांत अडकलेली हवा निघून गेल्यामुळे पाणी आणखी आत शिरलं, वजन ५४० झालं. तो दोऱ्याने पाण्यात टांगून तोलला तेव्हा ३०० भरलं. ५४० मधून ३०० वजा केले की २४० उरतात. तुकड्याने बाजूला सारलेलं पाणी तेवढ्या वजनाचं, आणि १ ग्रॅम पाणी म्हणजे १ घन सेंमी, म्हणून तुकड्याचं बाहेरून मोजलेलं आकारमान २४० घन सेंमी. त्यातली छिद्रं ४० घन सेंमी. ४० भागिले २४० म्हणजे १६.७%. ही उघडी सच्छिद्रता, म्हणजे बाहेरून पाणी जिथवर पोचू शकतं तेवढीच पोकळी.

तिसऱ्या प्रयोगशाळेने बहुधा तुकडा कुटून त्याचं पीठ केलं आणि पिठाची घनता काढली. ती २.६५ आली असं धरू, क्वार्ट्झची तेवढीच असते. तुकड्याची स्वतःची घनता ५०० भागिले २४०, म्हणजे २.०८. अखंड घन पदार्थ असता तर ती २.६५ भरली असती, आहे २.०८. याचा अर्थ २१.४% जागा रिकामी आहे. ही एकूण सच्छिद्रता. १६.७ आणि २१.४ यांच्यातला ४.७ टक्क्यांचा फरक म्हणजे चहूबाजूंनी बंद असलेल्या पोकळ्या, ज्यांच्यापर्यंत पाणी कधी पोचलंच नाही.

भिंतीसाठी दगड निवडताना मला या तिन्हींपेक्षा चौथा आकडा जास्त उपयोगी वाटतो, आणि तो वरच्याच वजनांतून निघतो. साध्या बुडवणीत ३५ ग्रॅम पाणी गेलं, निर्वात करून ४०. गुणोत्तर ०.८७५. याला संपृक्तता गुणांक म्हणतात. पाणी गोठताना साधारण ९% फुगतं. छिद्रांत तेवढी जागा शिल्लक असेल तर बर्फाला पसरायला वाव मिळतो, नसेल तर दगडावर ताण येतो. म्हणून हा गुणांक ०.९ च्या जवळ गेला की कडाक्याच्या थंडीत दगडाचे पापुद्रे निघण्याचा धोका वाढतो. २०% सच्छिद्रता आणि ०.६ गुणांक असलेला दगड तग धरतो, तर ८% सच्छिद्रता आणि ०.९ गुणांक असलेला फुटतो, असं होऊ शकतं. निव्वळ टक्क्यावरून टिकाऊपणा ठरवणारी निविदा चुकीचा दगड निवडू शकते, ती अशी.

जिथे पाणी गोठत नाही तिथे दगडाचा मोठा शत्रू मीठ. पाण्याबरोबर आत गेलेले क्षार पाणी उडून गेल्यावर छिद्रांतच स्फटिक बनवतात आणि ते वाढताना छिद्राच्या भिंतींवर जोर देतात. यात बारीक छिद्रांचे दगड जास्त मार खातात. शिवाय बारीक छिद्र पाणी वर ओढतं. ०.०१ मिमी त्रिज्येच्या नळीत पाणी आपोआप सुमारे दीड मीटर चढतं, १ मिमी त्रिज्येच्या नळीत जेमतेम १५ मिमी. भिंतीच्या तळाशी लोणा धरतो तो याच ओढीमुळे, आणि जोत्याखाली जाड खडीचा थर घातला की ओल थांबते तीही याचमुळे, कारण खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना पाणी वर ओढता येत नाही.

आता चिकणमाती आणि वाळू. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: किती जागा रिकामी आहे आणि त्या जागेतून पाणी किती सहज जातं. पहिली सच्छिद्रता, दुसरी पार्यता. दोन्हींचं नातं लोक समजतात त्यापेक्षा खूपच सैल आहे.

सारख्या आकाराचे गोळे एकावर एक सरळ रचले तर ४७.६% जागा रिकामी राहते. सर्वांत घट्ट रचले तर २५.९५%. याहून घट्ट रचणी शक्य नाही असं केप्लरने १६११ मध्ये म्हटलं होतं आणि त्याची सिद्धता थॉमस हेल्सने १९९८ मध्ये मांडली. नुसते ओतून हलवले तर सुमारे ३६% वर गाडी थांबते. या सगळ्यात गोळ्यांचा आकार कुठेच येत नाही. गोळे मीटरभराचे असोत की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे, टक्का तोच. आकारांची सरमिसळ केली की मात्र टक्का झपाट्याने उतरतो. ४०% पोकळी असलेल्या खडीच्या फटींत ४०% पोकळी असलेली वाळू भरली तर आदर्श स्थितीत ४० चे ४०%, म्हणजे १६% उरतात. काँक्रीटच्या खडी-वाळूचं प्रमाण ठरवताना सगळी धडपड असते ती हीच.

टक्का आकारावर अवलंबून नसला तरी प्रवाह आकारावरच चालतो. नळीतून संथपणे वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात जातं. एका पत्र्यात १ मिमी व्यासाचं एक सरळ भोक आहे असं धरा. त्याऐवजी ०.०१ मिमी व्यासाची १०,००० भोकं पाडली तर मोकळं क्षेत्रफळ अगदी तेवढंच राहतं, म्हणजे सच्छिद्रता बदलली नाही. पण त्याच दाबाखाली पाणी जाईल ते १०,००० पट कमी. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहून लहान आणि पातळ पत्र्यांसारखे असतात, त्यांच्यामधल्या फटी त्याहून लहान. वर त्या कणांच्या पृष्ठभागावर विद्युतभार असल्याने पाण्याचा एक थर त्यांना चिकटून बसतो. सैल चिकणमातीत निम्म्याहून जास्त जागा पाण्याची असूनही ते पाणी जवळजवळ जागचं हलत नाही.

हेन्री दार्सीने १८५६ मध्ये दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात वाळूच्या गाळणीवरचे प्रयोग दिले आणि पार्यतेला मोजता येईल असं रूप आलं. स्वच्छ वाळूत ती सेकंदाला मीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. कचराभूमीच्या तळाशी घालायच्या दाबलेल्या चिकणमातीसाठी बहुतेक ठिकाणी मर्यादा असते ती मीटरच्या अब्जाव्या भागाची. म्हणजे पाण्याच्या दाबाचा उतार एकास एक (थराच्या दर मीटर जाडीमागे एक मीटर पाण्याचा दाब) धरला तर वाळूतून दिवसाला ८ मीटरांहून जास्त पाण्याचा स्तंभ उतरतो आणि त्या थरातून वर्षभरात सुमारे ३ सेंमी.

याच्या अगदी उलटं टोक खडकात सापडतं. भरीव ग्रॅनाइटची सच्छिद्रता १% सुद्धा नसते. आता कल्पना करा की त्यात दर मीटरला १ मिमी रुंदीची एक मोकळी, सरळ भेग आहे. भेगांची सच्छिद्रता फक्त ०.१%. पण भेगेतून वाहणारं पाणी रुंदीच्या तिसऱ्या घाताने वाढतं, आणि गणित केलं तर अशा खडकाची भेगांच्या दिशेने पार्यता सेकंदाला सुमारे ०.८ मिमी येते, स्वच्छ जाड वाळूइतकी. हजारातल्या एका भागाएवढ्या पोकळीतून, निम्मी पोकळ असलेल्या चिकणमातीच्या लाखो पट पाणी जातं. भेग ०.१ मिमीवर आली की हीच पार्यता हजारपट घटते. खऱ्या भेगा खडबडीत आणि वाकड्यातिकड्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे कमी येतात, पण कठीण खडकातली विहीर एका ठिकाणी कोरडी आणि चार पावलांवर भरलेली का निघते हे यावरून कळावं. अशा भागात दगडाच्या तुकड्याची सच्छिद्रता प्रयोगशाळेत काढून पाण्याचा अंदाज बांधणं मला पटत नाही. तुकडा भेगांच्या मधला असतो, आणि पाणी भेगेत.

ज्वालामुखीच्या खडकांत तिसरा प्रकार दिसतो. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे जागीच गोठतात, पोकळी भरपूर दिसते, पण बुडबुडा बुडबुड्याला लागलेला नसेल तर पाणी कुठेच जात नाही. कालांतराने त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ यांचे स्फटिक भरतात आणि होती तीही पोकळी जाते. प्युमिस हा बुडबुड्यांनी भरलेला ज्वालामुखीचा दगड पाण्यावर तरंगतो तो आत कोंडलेल्या वायूमुळेच.

पोकळीतल्या पाण्याचा उपसा हा मला या सगळ्यातला सर्वांत गंभीर भाग वाटतो. जमिनीखाली वरच्या थरांचं वजन दोघं मिळून पेलतात: कणांचा सांगाडा आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब. कार्ल टेर्झागीने १९२० च्या दशकात हे स्पष्ट मांडलं आणि मृदा यांत्रिकी त्यावरच उभी राहिली. पाणी उपसलं की दाब कमी होतो, तेवढा भार सांगाड्यावर येतो. वाळूचा सांगाडा थोडा दबतो आणि पाणी परत आलं की बराचसा सावरतो. चिकणमातीचे पत्रे मात्र एकदा एकमेकांवर आडवे बसले की पुन्हा उभे राहत नाहीत. ती सच्छिद्रता कायमची गेली, आणि तिच्याबरोबर तेवढं पाणी साठवण्याची क्षमताही गेली. पुढे कितीही पाऊस पडला, कितीही पुनर्भरण केलं, तरी ती जागा परत मिळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या सान होआकिन खोऱ्यात मेंडोटाजवळ १९२५ ते १९७७ या काळात शेतीसाठीच्या उपशाने जमीन सुमारे ८.५ मीटर खाली गेली. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तिथल्या चिकणमातीत काही थरांत घन पदार्थाच्या दहापट आकारमानाचं पाणी असतं, म्हणजे सच्छिद्रता ९० टक्क्यांच्या घरात. त्या शहराचे काही भाग ९ मीटरांहून जास्त खचले आहेत. वाळूच्या जाड थरांतून पाणी काढतोय म्हणून निर्धास्त राहणारे लोक भेटतात. वाळूला लागून असलेल्या चिकणमातीच्या थरांतून ते पाणी हळूहळू झिरपून येतं, आणि खचतात ते तेच थर.

खडकही याला अपवाद नाही. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात तेल आहे ते चॉक नावाच्या मऊ चुनखडकात, आणि या चॉकची सच्छिद्रता काही थरांत ४० टक्क्यांच्या वर जाते. तेल निघत गेलं, दाब उतरला, आणि १९८४ मध्ये लक्षात आलं की समुद्राचा तळच काही मीटर खाली गेला आहे. १९८७ मध्ये तिथले पोलादी मंच जॅक लावून ६ मीटर उचलावे लागले. दाब टिकवायला खडकात समुद्राचं पाणी सोडलं, तरी खचणं बराच काळ चालू राहिलं, कारण पाणी लागल्यावर चॉक आणखी कमकुवत होतो. छिद्रात काय भरलंय हे बदललं की सांगाड्याची ताकदही बदलू शकते, हे तिथे फार महागात शिकायला मिळालं.

शेतजमिनीत हाच हिशोब मुळांच्या बाजूने करायचा. मातीच्या कणांची घनता २.६५ धरली आणि कोरड्या ढेकळाची १.३ आली तर सच्छिद्रता ५१%. जड यंत्रं ओल्या जमिनीवरून फिरली आणि ढेकळाची घनता १.६ झाली तर ४०%. अकराच टक्के तर गेले, असं वाटेल. पण जातात ती मुख्यतः मोठी छिद्रं, ज्यांतून पाणी निचरून हवा आत येते. पाऊस थांबून जादा पाणी निचरल्यावर माती ३०% पाणी धरून ठेवते असं समजा. आधी हवेला २१% जागा होती, आता १०%, आणि हवेची जागा साधारण १० टक्क्यांखाली गेली की बहुतेक पिकांची मुळं गुदमरू लागतात. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे ओल्या बारीक छिद्रांचा मुळांच्या श्वासाला काही उपयोग नाही. गांडुळांची बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या नळ्या टक्क्यात नगण्य असतात, पण हवा-पाण्याचे हमरस्ते त्याच असतात. नांगरून जमीन मोकळी केली की टक्का लगेच वाढतो, पण सेंद्रिय पदार्थ नसेल तर पावसाच्या दोनचार सरींत ती पुन्हा बसते.

मोजण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पद्धत आकड्यात शिरते. छिद्रांचे आकार काढायला बरेचदा पारा दाबाखाली आत ढकलतात. वॉशबर्नने १९२१ मध्ये सुचवलेली ही पद्धत आहे. पारा दगडाला भिजवत नाही, म्हणून छिद्र जितकं बारीक तितका दाब जास्त लागतो, आणि दाबावरून आकार निघतो. पण मोठ्या पोकळीचं तोंड अरुंद असेल तर पारा त्या तोंडाला लागणारा दाब मिळाल्यावरच आत जातो, आणि आख्खी पोकळी तोंडाच्या आकाराची म्हणून नोंदली जाते. दौतीच्या गळ्यावरून दौत ओळखण्यासारखं हे झालं. पार्यतेचा विचार करताना हा दोष उलट कामाला येतो, कारण प्रवाह अडतो तो गळ्यातच. छिद्रांचा खरा आकार हवा असेल तर मात्र पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा किंवा क्ष-किरण टोमोग्राफी करा.

तेलविहिरीत खाली सोडलेलं न्यूट्रॉन उपकरण प्रत्यक्षात हायड्रोजन मोजतं आणि त्यावरून छिद्रांतल्या पाण्या-तेलाचा, म्हणजे पोकळीचा, अंदाज बांधला जातो. शेल खडकातल्या चिकण खनिजांत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी असतं, तेही त्यात धरलं जातं, आणि नसलेली पोकळी दिसते. घनता मोजणारं उपकरण सोबत सोडतात ते यासाठी. प्रयोगशाळेतल्या भट्टीतही असाच धोका असतो. १०५ अंशांवर जिप्सम आपलं स्फटिकजल सोडू लागतं, म्हणून जिप्सम असलेला नमुना ४० ते ५० अंशांवर सावकाश वाळवावा लागतो. नाहीतर स्फटिकातलं पाणी गेलेलं असतं आणि आपण ते छिद्रांच्या खात्यावर मांडतो.

आता तिसरा प्रश्न: कमी सच्छिद्रता म्हणजे चांगलं काम का? काँक्रीटचं उदाहरण घेऊ, त्यात दोन्ही बाजू दिसतात.

सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्त पाणी आपण मिश्रण हाताळता यावं म्हणून घालतो. ते जादा पाणी मागे केशनलिका ठेवून जातं. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून बनणारं जेल वाढत गेलं की या नलिका भरत जातात आणि एका टप्प्यावर त्यांची साखळी तुटते. अमेरिकेतल्या पॉवर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हा टप्पा मोजला. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० असेल तर सतत ओल ठेवल्यास ३ दिवसांत, ०.४५ ला ७ दिवसांत, ०.५० ला १४ दिवसांत, ०.६० ला ६ महिन्यांत, ०.७० ला वर्षभराने. ०.७० च्या पुढे साखळी कधीच तुटत नाही. आजचं सिमेंट जास्त बारीक दळलेलं असतं, त्यामुळे दिवस थोडे मागेपुढे होतील, पण क्रम तोच राहतो. पॉवर्सच्याच मोजमापांत ०.७० गुणोत्तराच्या सिमेंट लगद्याची पार्यता पाचव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत सुमारे ४०० पट घटली. पोकळीचा टक्का त्या काळात एवढा बदलूच शकत नाही. नलिकांची जोडणी तेवढी तुटत गेली.

म्हणून क्युअरिंगबद्दल, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, मी आग्रही आहे. मिश्रणात पाण्याची एक बादली वाढली, तर नंतर कितीही दिवस पाणी मारलं तरी भरपाई होईलच असं नाही. आणि चांगल्या गुणोत्तराचं काँक्रीट तिसऱ्या दिवशी उघडं वाळू दिलं, तर सळयांवरचं कव्हर, म्हणजे त्यांना झाकणारा काँक्रीटचा बाहेरचा थर, जिथे क्लोराइड आणि कार्बन डायऑक्साइड अडायला हवेत, तेच सर्वांत आधी वाळतं. काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा दाबून काढलेली ताकद आतल्या गाभ्याची असते. कव्हरच्या छिद्रांबद्दल ती काही सांगत नाही.

इथवर कमी पोकळी चांगली असं दिसतं. आता थंड प्रदेशातला रस्ता बघा. तिथे काँक्रीटमध्ये मुद्दाम ४ ते ७% हवा घालतात. अतिशय बारीक, एकमेकांपासून अलग बुडबुडे, आणि कुठल्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२ मिमीच्या आत हवा. गोठणारं पाणी ढकललं जातं तेव्हा त्याला निसटायला जागा मिळते. हवेच्या प्रत्येक टक्क्यामागे ताकद साधारण ५% घटते आणि तरीही रस्ता कितीतरी जास्त हिवाळे काढतो. त्याच ५% पोकळ्या नीट न दाबल्यामुळे राहिलेल्या असत्या, तर तेच काँक्रीट नाकारावं लागलं असतं. टक्का सारखा, पण पोकळीचा आकार, जागा आणि जोडणी वेगळी.

धातूच्या ओतकामातही हेच. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो आणि घट्ट होताना त्याची विद्राव्यता साधारण विसाव्या हिश्शावर येते, म्हणून वायू गोल, गुळगुळीत बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. दुसरीकडे धातू आकसतो आणि रस पोचला नाही तर स्फटिकांच्या फांद्यांमध्ये दातेरी पोकळी राहते. गाभ्यातला थोडा गोल वायू बऱ्याच भागांत चालून जातो, तर पृष्ठभागालगतची दातेरी पोकळी तेवढीच असली तरी वारंवार ताण येणाऱ्या भागात तडा तिथूनच सुरू होतो. नकाशावर फक्त 'सच्छिद्रता १% पेक्षा कमी' लिहिणाऱ्या डिझायनरला माझी विनंती असते की कुठली, कुठे आणि किती मोठी पोकळी चालेल तेही लिहा.

काही वस्तूंचं तर कामच पोकळीवर चालतं. कांशाची भुकटी दाबून आणि तापवून केलेल्या बुशमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या नळीत, साधारण २० ते २५% जोडलेली छिद्रं ठेवतात आणि त्यांत तेल मुरवतात. दांडा फिरून गरम झाला की तेल बाहेर येतं, थांबला की छिद्रं ते परत ओढून घेतात. ही छिद्रं बंद असती तर बुश निरुपयोगी. उष्णतारोधक फोममध्ये नेमकं उलट हवं असतं: बंद पेशी. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, पाण्याची ०.६, उघड्या छिद्रांत पाणी शिरलं की रोधकाचा रोधकपणा संपला. आवाज शोषणारा फोम पुन्हा उघड्या छिद्रांचा लागतो, कारण हवा आतबाहेर घासली गेली तरच आवाजाची ऊर्जा जिरते. सिलिका एरोजेल, जो किस्लरने १९३१ मध्ये प्रथम बनवला, त्यात ९० टक्क्यांहून जास्त हवा असते आणि तरी तो स्थिर हवेपेक्षाही कमी उष्णता जाऊ देतो. त्याची छिद्रं हवेच्या रेणूंच्या मुक्त पल्ल्यापेक्षा, म्हणजे दोन टकरींमधल्या सुमारे ७० नॅनोमीटर अंतरापेक्षा, लहान असतात, त्यामुळे रेणू एकमेकांवर आपटून उष्णता पुढे देण्याआधी भिंतीवर आपटतात.

धरणाच्या आतल्या गाळणीच्या थरात तर छिद्राचं माप थेट सुरक्षेशी जोडलेलं आहे. छिद्रं इतकी मोठी हवीत की पाणी दाब न साचता निघून जाईल, आणि इतकी लहान की मागची माती त्यांतून वाहून जाणार नाही. टेर्झागीचा नियम असा: गाळणीतले १५% कण ज्या आकाराहून लहान आहेत तो आकार, मागच्या मातीतले ८५% कण ज्याहून लहान आहेत त्या आकाराच्या चार-पाच पटींपेक्षा जास्त नसावा. आणि निचऱ्यासाठी तोच आकार मागच्या मातीच्या १५ टक्क्यांच्या आकाराच्या चार-पाच पट तरी असावा. या नियमात सच्छिद्रतेचा टक्का कुठेही येत नाही.

पाणी जिरवणाऱ्या काँक्रीटच्या फरशीची निविदा लिहायची असेल तरी हाच मार्ग धरा. अशा काँक्रीटमध्ये १५ ते २५% पोकळी ठेवतात, पण स्वीकृतीची अट त्या टक्क्यावर ठेवू नका. पृष्ठभागावर कडं बसवून, ठरावीक पाणी ओतून ते किती वेळात जिरतं ते मोजायला सांगा. काम झाल्यावर लगेच मोजा, आणि मग दरवर्षी पुन्हा. वरच्या दोनएक सेंटीमीटरात धूळ बसली की आतली पोकळी जशीच्या तशी राहूनही पाणी वरच थांबतं, म्हणून झाडून यंत्राने धूळ ओढून घेण्याची सफाई देखभालीच्या कलमात आधीच लिहून घ्या.